बरणीतला मासा आणि कयाधूचा मासा

‘हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे’ असे कुणी ठासून सांगितले, की आपल्यासारखे कला शाखेचे विद्यार्थी मुकाट्याने मान डोलावतात. विज्ञानाच्या इमारतीकडे आपण जरा अदबीनेच पाहतो. तिथल्या काचेच्या नळ्या, तराजू आणि आकडे यांच्यापुढे आपले ‘मला असे वाटते’ फारच केविलवाणे दिसते. परंतु प्रयोगशाळेत नेमके काय सिद्ध झाले आणि त्याच्या आधारावर बाहेर काय सांगितले जात आहे, या दोन गोष्टींत अंतर पडते की काय, हे तपासण्याचा अधिकार रसायनशास्त्राची पदवी नसलेल्यालाही आहे. तर्कशास्त्राच्या तासाला आपण ज्याला अनुमान म्हणतो, त्याचाच हा प्रश्न. एका वस्तूवरून दुसरीचे अनुमान केव्हा करावे आणि केव्हा करू नये, एवढेच पाहायचे आहे. आणि ज्या वस्तूबद्दल हे अनुमान चालले आहे ती म्हणजे आपली कयाधू, आपली पूर्णा, आपली पैनगंगा आहे.

प्रश्न थोडक्यात असा. एखादे कीटकनाशक किंवा एखाद्या कारखान्याचे सांडपाणी किती विषारी आहे हे काचेच्या टाकीत तपासले, तर त्यावरून नदीत काय घडेल ते सांगता येते काय? माझे मत असे, की थोडेसे सांगता येते. आणि जेवढे सांगता येते त्याहून कितीतरी अधिक आज सांगितले जात आहे.

ही तपासणी कशी होते ते प्रथम पाहू. एकसारख्या आकाराच्या टाक्या घेतात. त्यांत स्वच्छ, क्लोरीन काढलेले, ठराविक तापमानाचे पाणी भरतात. प्रत्येक टाकीत एकाच जातीचे, एकाच वयाचे सात-दहा निरोगी मासे सोडतात. पोटात अन्न असले म्हणजे निकालात गोंधळ होतो, म्हणून माशांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात. एका टाकीत विष मुळीच नाही, दुसरीत थोडे, तिसरीत त्याहून जास्त, अशी चढती मांडणी असते. मग ९६ तास, म्हणजे चार दिवस वाट पाहायची आणि मेलेले मासे मोजायचे. ज्या प्रमाणात निम्मे मासे मरतात तो आकडा म्हणजे त्या विषाची ‘अर्धमारक तीव्रता’. पाणपिसू नावाच्या बारीक कवचधारी जीवावरची चाचणी ४८ तासांची, शेवाळावरची ७२ तासांची. साऱ्या जगात हीच रीत आहे, आणि ती एकसारखी आहे हाच तिचा मोठा गुण. मुंबईत काढलेला आकडा बर्लिनमधल्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

आपल्या मराठवाड्याला ही रीत परकी नाही. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. नागभूषणम् यांच्या काळापासून प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गोड्या पाण्यातले खेकडे, शिंपले, झिंगे आणि मासे घेऊन अशा चाचण्या केल्या. पारा, तांबे, एन्डोसल्फान असे एक विष आणि एक प्राणी घ्यायचा आणि एक प्रबंध तयार व्हायचा. चेष्टेचा मोह होतो खरा. पण या कामाने एक गोष्ट पक्की झाली, की कोणते विष कोणत्या विषाहून भयंकर आहे हे आपल्याला कळले. एन्डोसल्फान एका लिटर पाण्यात एक-दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग एवढेच असले तरी कित्येक जातींचे मासे मरतात, हे प्रयोगशाळेनेच सांगितले. आणि जिथे जिथे ते ओढ्यात उतरले तिथे तिथे मासे तरंगले. इथे टाकी आणि ओढा यांचे एकमत झाले. विष जहाल असेल, एकदम पडले असेल आणि मासा समोरच असेल, तर टाकीचे भाकीत खरे ठरते. हे मान्य न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण विष नेहमीच असे दारावर थाप मारून येत नाही.

कृषी सेवा केंद्रातली कोणतीही बाटली उचलून पाहा. तिच्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी तो ठरवून दिला आहे. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे त्याखालचा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. आपल्या घरोघरी हिरवा त्रिकोण पाहिला की ‘हे काही करत नाही’ असे समजतात आणि रिकामी बाटली ओढ्यातच खळबळून घेतात. आता हा हिरवा रंग कशावरून दिला जातो? शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५००० मिलिग्रॅमहून अधिक औषध पोटात गेल्याशिवाय चाचणीतले निम्मे प्राणी मरत नाहीत, यावरून. आणि हे प्राणी बहुधा उंदीर असतात. म्हणजे त्रिकोणाचा सारा मजकूर उंदराविषयी आहे. मासा, झिंगा, बेडूक यांच्याविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. सोयाबीनवर चक्री भुंग्यासाठी फवारतात ते क्लोरँट्रानिलिप्रोल घ्या. त्याच्या बाटलीवर हिरवा त्रिकोण असतो. आणि तेच औषध लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमच्या आसपास असले तर निम्मे पाणपिसू दोन दिवसांत निपचित पडतात. गंमत अशी, की ही दुसरी माहितीही प्रयोगशाळेचीच आहे. ती फक्त बाटलीवर त्रिकोणाच्या रूपाने उतरली नाही. म्हणून माझी पहिली तक्रार प्रयोगशाळेविरुद्ध नाहीच. एका प्राण्याचे उत्तर दुसऱ्या प्राण्याच्या नावे खपवणाऱ्या आपल्या सवयीविरुद्ध आहे.

हीच सवय वरच्या पातळीवर गेली म्हणजे काय होते त्याचे उदाहरण इमिडाक्लोप्रिडचे. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी आणि बीजप्रक्रियेसाठी हे औषध आपल्याकडे घरचे झाले आहे. प्रयोगशाळांचा लाडका पाणपिसू त्याला आश्चर्यकारक रीतीने दाद देत नाही. लिटरला ८५ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा गेली तेव्हा कुठे निम्मे पाणपिसू हलायचे थांबले, अशी नोंद आहे. आता मेफ्लायचे पाहू. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारी आणि एक-दोन दिवसांत संपणारी जी नाजूक माशी, तिचे सारे बालपण पाण्यात जाते. तिच्या काही जातींची पिल्ले सुमारे एका मायक्रोग्रॅमलाच लुळी पडतात. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे हे लक्षात घेऊन हिशेब करावा. एकाला सोसते आणि दुसऱ्याला सोसत नाही यांत ८५,००० पटींचे अंतर पडते!

यावर शास्त्रज्ञ म्हणतील, आम्ही काही भाबडे नाही. टाकीतला आकडा जसाच्या तसा आम्ही नदीला लावत नाही, त्याला शंभराने, प्रसंगी हजाराने भागतो आणि मगच ‘सुरक्षित’ म्हणतो. ठीक आहे, भागून पाहू. ८५ मिलिग्रॅमला हजाराने भागले तर ८५ मायक्रोग्रॅम आले. हे ‘सुरक्षित’ पाणी मेफ्लायला पंचाऐंशी वेळा मारून उरते. हजार ही संख्या मोठी दिसते म्हणून ती पुरेशी असेलच असे नाही. कशाला भागतो आहोत ते आधी पाहायला हवे.

मेफ्लाय मेली तर आपले काय गेले, असे कुणी विचारील. विचारणाराने जपानातल्या शिंजी सरोवराची हकीकत ऐकावी. त्या सरोवराच्या भोवती भातशेती आहे. १९९३पासून तिथे इमिडाक्लोप्रिडच्या कुळातली औषधे वापरात आली. जपानी संशोधकांनी जुन्या नोंदी काढून ताडून पाहिल्या तेव्हा आढळले, की त्यानंतर सरोवरातल्या सूक्ष्म प्राण्यांचे वसंतातले सरासरी वजन ८३ टक्क्यांनी घटले आणि स्मेल्ट नावाच्या माशाची वार्षिक पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. हे काम २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा तर्कशास्त्रातला आक्षेप इथे घेता येईल आणि तो काहींनी घेतलाही. पण समजा कार्यकारण खरे असेल, तर तो मासा विषाने मेलाच नाही. तो उपासमारीने गेला. आता टाकीतला तो मासा आठवा. त्याला आपण आधीच उपाशी ठेवलेले असते! ज्या चाचणीत भूक जाणूनबुजून वगळली आहे, ती चाचणी भुकेने होणारे मरण कसे सांगणार?

कॅनडात १९६८पासून खरोखरीची तळीच प्रयोगासाठी राखून ठेवलेली आहेत. त्यांपैकी २२३ क्रमांकाच्या तळ्यात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६पासून वर्षानुवर्षे थोडे थोडे आम्ल घातले. तळ्यातला मोठा मासा म्हणजे ट्राउट. तो ज्या बारीक झिंग्यांवर आणि लहान माशांवर जगायचा ते आधी नाहीसे झाले, आणि ट्राउट हाडे दिसेपर्यंत वाळत गेला. नुसता ट्राउट टाकीत ठेवून ही गोष्ट कधीच दिसली नसती. त्याच परिसरातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ या तीन वर्षांत कॅरन किड यांनी गर्भनिरोधक गोळ्यांतले संप्रेरक लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणात मिसळले. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. नर मासे मादीसारखे होऊ लागले आणि तळ्यातल्या लहान माशांची एक जात जवळजवळ संपली. चार दिवसांच्या चाचणीत यांतला एकही मासा मेला नसता. मासा जगतो, फक्त त्याचा वंश थांबतो. आणि वंश थांबल्याची बातमी ९६ तासांत येत नाही.

आता आपल्या नदीकडे वळू. हिंगोली शहराजवळून जाणारी आणि पुढे पैनगंगेला मिळणारी कयाधू ही बारमाही नदी नव्हे. आषाढ-श्रावणात ती तांबूस-काळ्या गढूळ पाण्याने दुथडी भरते, दिवाळीनंतर बारीक होते, आणि उन्हाळ्यात तिचे निव्वळ डोह उरतात. म्हणजे एका वर्षात ती तीन निरनिराळ्या नद्या असते. टाकीतले पाणी मात्र वर्षभर एकच. चाचणीच्या पाण्याचे तापमान थंड देशांच्या रीतीने वीस अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्या मे महिन्यातल्या डोहाचे पाणी त्याहून कितीतरी गरम. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, बत्तीस अंशांच्या पाण्यात सव्वासातच. उन्हात माशाची धाप वाढलेली, हवा कमी झालेली, डोह आटत चाललेला. अशा अवस्थेत तीच मात्रा वेगळ्याच जोराने बसते. हिंगणबेटाची फळे कुटून पाण्यात कालवली म्हणजे मासे वर येतात हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे; पण हा उद्योग कुणी भर पावसाळ्यात वाहत्या धारेत करत नाही, डोह पाहूनच करतो. पाण्याच्या अवस्थेवर विषाचा जोर ठरतो, हे त्याला पुस्तकावाचून समजलेले असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी वकिली केल्यासारखे होईल. नदी कधी कधी विष बोथटही करते. आपली काळी माती म्हणजे बारीक चिकणमाती. सायपरमेथ्रिनसारखी औषधे तिच्या कणांना घट्ट चिकटतात आणि पुराच्या गढूळ पाण्यात माशाच्या कल्ल्यापर्यंत कमी पोचतात. तांब्याचा विषारीपणा जड पाण्यात कमी होतो, आणि दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपलेले पाणी पुष्कळदा जडच असते. वाहत्या धारेत विषाचा लोट दोन-चार तासांत निघूनही जातो. टाकीतल्या माशाला चार दिवस सुटका नसते. म्हणजे इथे टाकी नदीपेक्षा जास्त घाबरवते. पण मातीला चिकटलेले औषध जाते कुठे? ते गाळाबरोबर तळाशी बसते, आणि तळाशी शिंपले, किडे, वाम, मरळ राहतात. टाकीला तळच नसतो. तिला नुसती काच असते.

मग निष्कर्ष काय निघाला? टाकी कधी कमी सांगते, कधी जास्त सांगते. नेहमी कमी सांगितले असते तर आपण दुप्पट, दसपट करून घेतले असते. नेहमी जास्त सांगितले असते तर निर्धास्त झोपलो असतो. चुकीची दिशाच ठरलेली नाही, ही खरी अडचण. माझ्या मते सारा वाद इथे येऊन ठेपतो.

आणखी एक गोष्ट. टाकीत एका वेळी एकच विष असते. आपल्या शेतात फवाऱ्याच्या पंपात दोन-तीन औषधे, वर एखादे टॉनिक, असे मिश्रण सर्रास करतात. २०१७च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा औषधांच्या मिश्रणांची चर्चा पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आवाजात झाली. ती माणसे होती म्हणून निदान मोजली तरी गेली. त्या पावसात त्याच शेतांतून वाहून गेलेल्या पाण्याने ओढ्यांत काय केले, ते मोजणारी तितकी तत्पर यंत्रणा कुठे आहे?

आणि ‘जिवंत’ या शब्दाचा अर्थ तरी एकच असतो काय? टाकीतला मासा सुस्त झाला, एका कुशीवर कलला, पण कल्ले हलवत राहिला तर तो नोंदवहीत जिवंतांच्या रकान्यात जातो. नदीत असा मासा पाणकावळ्याच्या किंवा बगळ्याच्या चोचीत जातो. टाकीत पाणकावळा नसतो.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथे हा पंडिती वाद राहत नाही. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. त्याखालच्या नियमांत सांडपाण्यासाठी जी सर्वसाधारण प्रमाणके दिली आहेत त्यांत माशांच्या चाचणीची एक अट आहे. न मिसळलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत, अशी ती अट. अट कडक आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ जहाल पाणी अडले असेल यात शंका नाही. परंतु जे पाणी तीत उत्तीर्ण होते त्याला आपण ‘नदीत सोडण्यास योग्य’ म्हणतो. म्हणजे चार दिवस नऊ मासे जगले, एवढ्यावरून नदीचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य ठरले.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तिथल्या औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी ज्या सामाईक केंद्रात शुद्ध होत असे, त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश संशोधकांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला २८ ते ३१ मिलिग्रॅम सापडले. २००७मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा जग चकित झाले. काही जीवाणूंना जेवढे औषध मारक ठरते त्याच्या हजारपटीहून हे प्रमाण अधिक होते. आता एवढेच औषध माशाच्या टाकीत घातले तर मासा चार दिवसांत मरणार नाही. माशाला ते झटपट मारणारे विषच नव्हे. मरतील ते जीवाणू, आणि जे मरणार नाहीत ते औषधाला पुरून उरणारे निपजतील, हीच तर खरी भीती. तिथले ओहोळ मांजरेला मिळतात. बीड-लातूरची आपली मांजरा तेलंगणातून वळसा घेऊन पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर येते आणि गोदावरीत शिरते. म्हणजे हे उदाहरण वाटते तितके दूरचे नाही. त्या पाण्याला ‘मासा मेला काय?’ असे विचारणे म्हणजे गवयाची परीक्षा घेताना त्याची उंची मोजण्यासारखे आहे. उंची बिनचूक मोजली जाईल. गाणे कळणार नाही.

कुणी म्हणेल, ‘मग तुमचे म्हणणे काय? खऱ्या नदीत विष ओतून पाहायचे?’ हा प्रतिप्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. कॅनडासारखी राखीव तळी आपल्याजवळ नाहीत, आणि ज्या नदीवर गुरे पाणी पितात, बायका धुणी धुतात, भोई बांधवांची चूल पेटते, तिच्यावर असा प्रयोग करणे हा गुन्हाच होईल. कृत्रिम तळी खणून त्यांत गाळ, वनस्पती, किडे, मासे असा सारा संसार मांडून तपासणी करण्याची एक मधली वाट निघाली आहे. ती टाकीहून सरस आहे; खर्चिकही आहे. पण या प्रतिप्रश्नाचे खरे उत्तर वेगळेच आहे. नदीत विष आपण ओततच आहोत. दर खरिपाला, दर पुराला, शहराच्या दर नाल्यातून. प्रयोग चालूच आहे. फक्त त्याची नोंद ठेवणारा कुणी नाही.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिॲटल शहराजवळच्या ओढ्यांत असेच झाले. समुद्रातून अंडी घालायला येणारे कोहो सामन मासे पावसानंतर काही तासांतच तडफडून मरत. लोकांनी हे अनेक वर्षे पाहिले, मोजले, लिहून ठेवले. त्या नोंदींच्या मागे लागून शास्त्रज्ञ शेवटी २०२०मध्ये कारणापर्यंत पोचले. मोटारींच्या टायरमध्ये रबर टिकावे म्हणून घालतात त्या द्रव्यापासून हवेतल्या ओझोनमुळे एक नवेच विष तयार होते, ते पावसाने ओढ्यात उतरते. विशेष म्हणजे त्याच कुळातला चम सामन त्याला बधत नाही. प्रयोगशाळेने चम निवडला असता तर टायर निर्दोष सुटले असते! इथे प्रयोगशाळेनेच गुन्हेगार पकडला, हे खरे. पण फिर्याद ओढ्याकाठच्या माणसांची होती. मला हा क्रम योग्य वाटतो. आधी नदी पाहावी आणि मग तिचा प्रश्न घेऊन टाकीकडे जावे. आपण उलटे चालतो. टाकीचे उत्तर घेऊन निघतो आणि नदीकडे पाहायचेच राहून जाते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. चाचणी बंद करा असे कुणी समंजस माणूस म्हणणार नाही. चाचणी राहू द्या, पण तिला दारावरच्या रखवालदाराचे काम द्या, न्यायाधीशाचे नको. चाचणीत नापास झालेले पाणी नदीत जाता कामा नये. परंतु पास झाले म्हणून नदीची जबाबदारी संपली असे मानू नये. बाटलीवरच्या त्रिकोणाशेजारी जलचरांसाठी वेगळी, ठळक खूण असावी. आपल्याकडच्या चाचण्या आपल्या उन्हाळ्याच्या तापमानाला, आपल्याच मरळ-शिंगट्यांवर आणि झिंग्यांवर व्हाव्यात. आणि परवाना देताना जो अंदाज केला होता तो खरा ठरला की नाही, हे दोन-तीन वर्षांनी नदीवर जाऊन पाहण्याची सक्ती असावी. न पडताळलेला अंदाज कितीही आकडे लावून मांडला तरी तो अंदाजच.

यातले पहिले तीन सरकारचे काम. चौथे मात्र आपण सुरू करू शकतो, आणि इथे कला शाखेने संकोच करण्याचे कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तळाशी राहणाऱ्या जीवांच्या कुळांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत स्वीकारलेली आहे. कोणती कुळे नाजूक, कोणती निबर, याच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. त्यासाठी लागते एक जाळी, एक पांढरी परात, एक भिंग आणि चिकाटी. मेफ्लायची पिल्ले आहेत काय, चतुराची पिल्ले आहेत काय, शिंपले जिवंत आहेत की नुसती टरफले, खेकडे किती, झिंगे किती. की फक्त घाणीत फोफावणारे तांबडे किडेच उरले? प्राणिशास्त्राचे प्राध्यापक ओळख पटवायला मदत करतील. भूगोलाचे विद्यार्थी डोहांचा नकाशा आणि पाण्याची उंची नोंदवतील. समाजशास्त्राच्या मुलांनी येलदरी, सिद्धेश्वर आणि इसापूर जलाशयांवर मासे धरणाऱ्या कुटुंबांकडे बसून कोणता मासा कधीपासून जाळ्यात येईनासा झाला ते विचारावे. मराठी विभागाने माशांची बोलीतली नावे जमवावीत. जो मासा नाहीसा होतो त्याचे नावही आजोबांबरोबर नाहीसे होते, आणि नाव नसलेल्या गोष्टीची तक्रार कुठल्याच कचेरीत करता येत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आपण दरवर्षी घेतो. झाडे लावतो, रस्ता साफ करतो, पथनाट्य करतो. त्यांतले दोन दिवस कयाधूला दिले तर फार बिघडणार नाही. हिंगोलीच्या वरचा एक डोह, शहराच्या खालचा एक आणि कळमनुरीकडचा एक, असे तीन डोह ठरवावेत. पहिल्या मोठ्या पुरानंतर एकदा, फवारणी संपल्यावर दिवाळीच्या सुमारास एकदा आणि डोह आटू लागले म्हणजे माघात एकदा, अशी तीन वेळा तीच परात तिथेच मांडावी आणि जे दिसेल ते एका वहीत तारीखवार लिहावे. वही ग्रंथालयात ठेवावी आणि पुढच्या वर्गाने तीच पुढे चालवावी. पहिल्या वर्षी तीतून काहीच सिद्ध होणार नाही. तुलनेला मागचे पान नसेल. पाचव्या वर्षी शहराच्या खालच्या डोहातून मेफ्लाय गेलेली दिसली आणि वरच्या डोहात ती अजून असली, तर ती वही घेऊन आपल्याला कुणाच्याही टेबलासमोर उभे राहता येईल. समोरचा अधिकारी कदाचित आपल्यापुढे ९६ तासांचा दाखला टाकील. त्या वेळी त्याला विचारता यावे, की हा मासा कोणत्या जातीचा होता, पाणी किती अंशांचे होते, त्यात गाळ होता काय, आणि त्याला खायला काय दिले होते.